साक्षीची हळहळ

अंटार्क्टिकातल्या पेंग्विन वसाहतींत बसवलेले कॅमेरे ठरावीक वेळाने फोटो काढत राहतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पेंग्विन वॉच’ या प्रकल्पात जगभरातले स्वयंसेवक ते पाहून प्रौढ पक्षी, पिल्लू, अंडं अशी एकेकावर खूण करतात. राखाडी पिल्लू दगडांत चटकन दिसतच नाही.

कधी घरट्याशी स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी टपलेला असतो. त्याची नोंद ‘इतर’ प्राण्यांत. पिल्लाला वाचवणं हाती नसतं. फोटोतला क्षण केव्हाच सरलेला.

सांख्य दर्शनातला ‘पुरुष’, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा अलिप्त साक्षी. स्वयंसेवक मात्र हळहळतो. मग त्याचं पाहणं गढूळ होतं का? मुळीच नाही. जीव गुंतलेला माणूसच दगडाआडचं पिल्लू शोधत थांबतो. आणि स्कुआलाही पिल्लं भरवायची असतात, हेही जाणतो.

तरी एकाच्या नजरेवर भिस्त नसते. तोच फोटो अनेकांना दाखवून, खुणा जुळवून संख्या ठरते.