कागदी पेल्यातला किडा

सोलला जायचं आम्ही तिघींनी चार दिवसांत ठरवलं. ग्वांगजांग बाजारात मुगाचं बिन्देत्तोक तव्यावर चुरचुरत होतं, धिरड्याचीच बहीण. तिथवर सगळं घरचंच वाटलं. बाहेरच्या गाडीवर मात्र बॉन्देगी होती : धागा काढून घेतल्यावर कोशातून उरलेले रेशीमकिडे, उकडलेले, कागदी पेल्यात.

‘बिचारे जीव!’ मी तोंड फिरवलं. मैत्रिणीनं काडीनं एक उचलून खाल्ला. म्हणाली, ‘आणि तुझी पैठणी?’

धागा सलग निघावा म्हणून किडा कोशात जिवंत असतानाच त्याला उष्णता देऊन मारतात. हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तरी आमच्याकडे पूजेला रेशमी सोवळंच लागे. सुती नेसलं तर आजी परत पाठवायची. मेलेला जीव अंगावर पवित्र आणि ताटात किळसवाणा! ज्या भावनेला मी दया म्हणत होते, ती नुसती किळस होती. अर्थात, उरलेला किडा खाल्ला म्हणून मारणं योग्य ठरत नाही. पण त्या गाडीवर निदान तो दिसत तरी होता.

मीही एक खाल्ला. मातकट, किंचित दाण्यांसारखा. दुसरा काही गेला नाही.