गोंदण, टॅटू आणि कायमची खूण



आपल्या तरुण मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "टॅटू काढला तर चालेल का? ते पाप आहे का?" कोणाला मनगटावर क्रूस हवा असतो, कोणाला आईचे नाव, तर कोणाला क्रिकेटपटूच्या दंडावर पाहिलेले चित्र. घरात या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोनच शब्दांत मिळते. वडील म्हणतात, "मुळीच नाही," आणि मुलगा म्हणतो, "माझे शरीर आहे." दोन्ही उत्तरांनी बोलणे तिथेच थांबते. म्हणून या रविवारी आपण यावर थोडे शांतपणे विचार करू या.

पहिली गोष्ट म्हणजे टॅटू ही काही आपल्याकडे परदेशातून आलेली नवी वस्तू नाही. चोपड्याच्या आठवडे बाजारात म्हाताऱ्या आयाबायांच्या कपाळाकडे, हनुवटीकडे, हातांकडे पाहावे. हिरवट निळे ठिपके, तुळस, विंचू, नवऱ्याचे नाव. सातपुड्याच्या पाड्यांवरील आपल्या पावरा आणि भिल्ल बांधवांमध्ये तर गोंदणाशिवाय बाईचा साज पुरा होत नसे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गोंदणाऱ्याभोवती आजही तरुण पोरापोरींची गर्दी दिसते. आपल्या अहिराणी बोलीत जुन्या बायका म्हणत, "सोनं आठेच राही जास, गोंदन संगे येस." अंगावरचे डाग मरताना काढून घेतात, गोंदण कोणी काढून घेऊ शकत नाही. गरिबाघरच्या बाईचा तो एकमेव दागिना होता, आणि तो चोरीला जात नसे.

दुसरी गोष्ट पवित्र शास्त्राची. लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात, २८व्या ओवीत, मृतांसाठी अंगावर जखमा करू नयेत आणि कातडीवर खुणा गोंदवू नयेत अशी आज्ञा आहे. मुले हे वाचून घाबरतात आणि वडीलधारी तेवढेच वाचून दाखवतात. परंतु त्या आज्ञेचा संदर्भ शोक करण्याच्या आणि शेजारच्या लोकांच्या मूर्तिपूजक चालीरीतींचा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र घालू नये असेही सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. जुन्या करारातील विधिनियम आणि कायमची नैतिक आज्ञा यांत ख्रिस्तसभा फरक करते. कॅथोलिक श्रद्धाग्रंथात टॅटूवर बंदी नाही.

उलट आपल्या ख्रिस्ती बांधवांमध्ये ही चाल फार जुनी आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदवून घेतात. जिथे आपण संख्येने थोडे आहोत, तिथे असा क्रूस लपवता येत नाही. तो धरूनच जगावे लागते. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझूक नावाचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या हातावर क्रूस गोंदवीत आले आहे; त्यांच्याकडे लाकडात कोरलेले जुने ठसे आहेत. आणि मार्च २०१८मध्ये रोम येथे तरुणांच्या सभेत एका सेमिनारियनने प्रश्न केला, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी टॅटूची भीती बाळगू नका असे सांगितले. कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांचे त्यांनी उदाहरण दिले, अतिरेक नको असेही म्हटले, आणि टॅटू हे तरुणांशी बोलणे सुरू करण्याचे निमित्त होऊ शकते असे सुचवले.

तर मग प्रश्न सुटला का? आम्हाला वाटते, खरा प्रश्न येथून सुरू होतो. संत पौल करिंथकरांना बजावतो की मोकळीक आहे म्हणून प्रत्येक गोष्ट हिताची असतेच असे नाही. पाप नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट करावी असे ठरत नाही. टॅटू काढणे म्हणजे आज अठरा-वीस वर्षांच्या माणसाने पन्नास वर्षांच्या माणसाच्या वतीने सही करणे. तो पन्नाशीचा माणस आज येथे हजर नाही. त्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने काय लिहायचे, ही नैतिक जबाबदारी आजच्या तरुणावर येते. प्रेम जुळले म्हणून आठ दिवसांत नाव गोंदवून घेणे सोपे आहे. पुढे लग्न दुसरीकडे ठरले, तर ते नाव त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना रोज वाचावे लागते. लेझरने पुसता येते, पण त्याला अनेक खेपा लागतात, पैसा जातो, दुखते, आणि कातडी पूर्ववत होईलच असे नाही.

कोणी म्हणेल, आजीला कुठे विचारले होते? तिला तर लहानपणीच धरून बसवले आणि गोंदले. आणि स्नानसंस्काराच्या वेळी आपल्याला तरी कोणी विचारले? हा प्रश्न रास्त आहे. स्नानसंस्कार आणि दृढीकरण आत्म्यावर कधीही न पुसणारी मुद्रा उमटवतात, असे ख्रिस्तसभा शिकवते. ती मुद्रा आपण मागितली नव्हती. पण ती देताना आईवडील आणि धर्ममातापिता उभे राहिले, त्यांनी आपल्या वतीने शब्द दिला आणि तो पाळण्याचा भार उचलला. आजीलाही गोंदले ते घरच्या बायांनी, जवळ बसवून, घरच्या रीतीने. बळजबरीचे आम्ही समर्थन करीत नाही. तिला विचारायला हवे होते. परंतु त्या दोन्ही खुणांमागे माणसे होती. आजचा तरुण मात्र मोबाईलवर चित्र पाहून एकटाच दुकानात शिरतो. स्वातंत्र्य वाढले, सोबत कमी झाली. म्हणून आमचे सांगणे आहे : निर्णय तुमचा घ्या, पण एकट्याने घेऊ नका.

आता हात कोणाचा, हे पाहू. जळगावला सोने घ्यायला गेलो तर आपण चार पेढ्या फिरतो, हॉलमार्क पाहतो, पावती घेतो. सोने तर मोडता येते. जे मोडता येत नाही त्यासाठी जत्रेतल्या पहिल्याच माणसापुढे हात करतो, तेही दोनशे रुपये वाचावेत म्हणून! एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ 'ब' आणि 'क' तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुईचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले जाते का, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या लहान कपात ओतली जाते का, हातमोजे नवे आहेत का, पुन्हा वापरायची साधने वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होतात का, हे विचारावे. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून यावे. त्याने पूर्वी केलेले आणि भरून आलेले काम पाहावे. अक्षरे असतील तर आधी कागदावर लिहून घ्यावीत. एक वेलांटी चुकली तर ती जन्मभर चुकलेलीच राहते.

पण सर्वात मोठी पारख वेगळीच आहे. जो कारागीर गिऱ्हाइकाला परत पाठवू शकतो, तो चांगला. "तू अजून लहान आहेस," "आज प्यायलेला दिसतोस," "हे नाव नको, महिनाभराने ये," असे जो म्हणतो, त्याला पैशापेक्षा समोरचे शरीर मोलाचे वाटते. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल सांगतो. मंदिराच्या भिंतीवर चित्र काढू नये असा त्याचा अर्थ नाही. चर्चच्या भिंतींवरही चित्रे असतात. पण रस्त्याने जाणाऱ्या कोणाही रंगाऱ्याला आपण वेदीजवळची भिंत देत नाही.

आणखी दोन व्यावहारिक बाबी. टॅटूनंतर आपल्या देशातील नियमांप्रमाणे एक वर्ष रक्तदान करता येत नाही. घरात कोणाला रक्ताची गरज असेल तर याचा विचार व्हावा. तसेच आपली अनेक मुले भरतीची तयारी करतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, परंतु मनगट ते कोपर हा हाताचा आतला भाग फक्त डावा चालतो, कारण उजवा हात सलामीचा. सैन्यातही जागेचे निर्बंध आहेत. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत असते. क्रूस काढण्याआधी भरतीची जाहिरात नीट वाचावी.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. ज्या आजीच्या कपाळावरचे ठिपके आपण आदराने पाहतो, तिच्याच नातवाच्या दंडावरील टॅटू पाहून त्याला मिस्साच्या वेळी शेवटच्या बाकाकडे ढकलू नका. त्याला विचारा, "हे का काढलेस, बाळा?" कदाचित ते त्याच्या वारलेल्या वडिलांचे नाव असेल.

गोंदण टिकते कसे, याचा शोध मोठा विचार करायला लावणारा आहे. शाई कातडीच्या खालच्या थरातील पेशी गिळून धरून ठेवतात. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की, ती पेशी मरते तेव्हा शाई मोकळी होते आणि नवी पेशी येऊन तीच शाई पुन्हा उचलते. म्हणजे जे आपल्याला कायमचे वाटते, ते पुन्हा पुन्हा कोणीतरी हाती घेत असते म्हणून कायम राहते. श्रद्धेचेही असेच नाही का? स्नानसंस्काराची मुद्रा देवाकडून पुसली जात नाही, पण आपल्या जगण्यात ती दिसायची तर रोज नव्याने उचलावी लागते. मनगटावर क्रूस असेल आणि त्याच हाताने केळीच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याला फसवले, तर तो क्रूस आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

म्हणून ज्यांना खरोखर क्रूस हवा आहे, त्यांनी तो आधी कागदावर काढून पाकिटात ठेवावा. एक उपवासकाळ, एक ईस्टर, एक नाताळ जाऊ द्यावा. वर्षभराने, त्या क्रूसाला शोभेल असे काही आपल्या हातून घडले का, हे पाहावे. तेव्हाही तो हवासा वाटला, तर घरच्यांना सांगून, चांगला हात शोधून, आनंदाने काढावा. नको वाटला तर कागद टाकून देता येतो.

पुनरुत्थित प्रभूने संशयी थोमाला आपले हात दाखवले. मृत्यूवर विजय मिळवलेल्या त्या गौरवी शरीरावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्याच होत्या. त्या शोभेसाठी घेतलेल्या नव्हत्या, आपल्यावरील प्रीतीपायी उमटलेल्या होत्या. आपल्या हातावर काही असो वा नसो, आपण त्याचे आहोत हे आपल्या हातांच्या कामावरून लोकांना ओळखता यावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.