निर्माणकर्त्यावरील विश्वास विचाराला पटणारा आहे काय?

शास्त्रपाठ : इब्री ११:१-३



"सर्व काही देवाने केले, तर देवाला कोणी केले?" शब्बाथ शाळेत मुले हा प्रश्न विचारतात. अशा मुलाला गप्प बसवले, तर विश्वास आणि विचार यांची फारकत त्याच्या मनात होते. पुढे कॉलेजात गेल्यावर तो यांपैकी एकाचीच निवड करतो.

उत्तर देताना दोन गोष्टी आम्ही टाळाव्या. जे विज्ञानाला उमगले नाही, तेवढेच देवाचे काम असे म्हणू नये. न्यूटनला वाटले की, ग्रहांच्या गतीत साचत जाणारी अनियमितता देवाला केव्हातरी सुधारावी लागेल. पुढे १७८५ च्या सुमारास लाप्लास याने गुरू व शनी यांच्या गतीतील फरकाचा गणिताने उलगडा केला. अज्ञानाच्या फटीत बसवलेला देव ज्ञान वाढले की बेघर होतो. पवित्र शास्त्रातील देव असा नाही.

तसेच विज्ञानाच्या नव्या सिद्धांतावर घाईने विश्वासाची इमारत उभारू नये. बेल्जममधील धर्मगुरू व शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले आणि १९३१ साली त्याचा आरंभ एका आदिकणातून झाला असावा असे सुचवले. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी अशा संशोधनात निर्मितीची साक्ष पाहिली. लमेत्र मात्र आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे असेच मानीत.

मग आमच्या विश्वासाला आधार कोणता? भाकरी का फुगली? आतल्या पाण्याची वाफ झाली म्हणून. भाकरी का केली? लेकरू भुकेले होते म्हणून. दोन्ही उत्तरे खरी आहेत. एकाने दुसरे खोडले जात नाही. विज्ञान सृष्टीचे नियम शोधते. पण मुळात सृष्टी आहे ती का, तिच्यात नियम का, आणि ते आमच्या बुद्धीला कळावेत हे कसे? हे प्रश्न उरतातच.

देव हा सृष्टीतील वस्तूंच्या रांगेत पहिला उभा नाही. नाटकातील राजाचा बाप कोण, आजा कोण, हे विचारता येते. पण नाटककार त्या वंशावळीत सापडत नाही.

एखादा मित्र म्हणेल, "सृष्टी आहे, एवढेच पुरे." गणितासारखी सिद्धता देऊन त्याला निरुत्तर करता येणार नाही. विश्वासानेच आम्हांला हे कळते, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही सांगितले आहे. विचार आम्हांला अंगणापर्यंत आणतो. घरधनी आपला पिता आहे, हे मात्र ख्रिस्तामध्येच कळते; कारण ज्याच्याद्वारे सर्व निर्माण झाले, तोच आमच्यासाठी वधस्तंभावर गेला.

म्हणून शिक्षकहो, मुलांच्या प्रश्नांना भिऊ नका. बुद्धी देणारा प्रभू तिच्या प्रश्नांनी रागावत नाही. तो आम्हांला नम्रपणे विचार करण्यास व निर्भयपणे विश्वास ठेवण्यास साहाय्य करो. आमेन.