चहा निवेपर्यंत

चहा समोर आला आहे. लगेच पिऊ नका. तो निवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मला हवा आहे. पाठ टेकून बसा, कप दोन्ही हातांत धरा, ऊब तळव्यांना लागू द्या.

या कपात कोण कोण एकत्र आलं आहे, ते आधी पाहू. तुम्ही नगर जिल्ह्यात राहत असाल (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच), तर साखर बहुधा इथल्याच उसाची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. दूध संगमनेर, राहुरीकडच्या एखाद्या गोठ्यातलं. पाणी गावच्या विहिरीचं, बोअरचं, नाहीतर टँकरचं. लांबून आली ती एकटी पत्ती.

त्या पत्तीकडे थोडं थांबून बघू. चहाचं झुडूप आम्लधर्मी मातीत वाढतं. तिथलं अ‍ॅल्युमिनियम आणि फ्लोराइड मुळांवाटे वर ओढून ते पानांत साठवतं, आणि साठवलेलं सहसा परत सोडत नाही. त्यामुळे पान जेवढं जून, तेवढा साठा मोठा. कळी आणि कोवळी दोन पानं यांच्यात थोडं. खालच्या जाड पानांत त्याच्या कित्येक पट. तिबेटच्या बाजूला जून पानं आणि काड्या दाबून केलेल्या विटेचा चहा दिवसभर पितात. तिथे या चहातल्या फ्लोराइडनेच माणसांची हाडं बिघडल्याचं वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवलं आहे. अमेरिकेतही ४७ वर्षांच्या एका बाईच्या हाडांत हाच आजार सापडल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं. तिची सवय ऐका: रोज शंभर ते दीडशे टी-बॅग घालून केलेला चहा, सतरा वर्षं.

हे ऐकून कप बाजूला सारावासा वाटला असेल, तर सारू नका. श्वास सोडा. आपण हिशेब करू.

काळ्या चहाच्या एक लिटर अर्कात साधारण १ ते ५ मिलिग्रॅम फ्लोराइड उतरतं. मधला आकडा घ्या, ३. आपला कप शंभर मिलिलिटरचा, त्यात निम्मं दूध. म्हणजे पत्तीतून आलेलं ०.१५ मिलिग्रॅम. दिवसाचे चार कप झाले तरी ०.६. शिवाय दुधातलं कॅल्शियम त्यातलं काही धरून ठेवतं आणि शरीरात कमी मुरू देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या पुढे हाडांना धोका संभवतो आणि १४ ला तो स्पष्ट दिसतो. तुमचा चहा त्यापासून फार दूर आहे. हवा तर एक घोट घ्या.

आता कप तसाच हातात ठेवून दुसऱ्या एका चहाकडे या.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं दसरा-दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला घर सोडतात. फडाजवळ कोपी, पहाटेच्या अंधारात तीन दगडांची चूल, वर काळं पडलेलं पातेलं. त्यात पाणी, साखर आणि सुटी, स्वस्त चहापावडर. दूध नाही. पातेलं खदखदतं, रंग काळपट लाल होतो, मग कपड्यातून गाळून तो कोरा चहा पेल्यात पडतो. लेकरालाही त्यातलाच, शिळी भाकरी बुडवायला. फडात दुपार तापली की पुन्हा तोच. भूक मारायला याहून स्वस्त काही मिळत नाही.

हाच हिशेब त्या पेल्याला लावून बघा. ब्रिटनमधल्या डर्बी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिथल्या दुकानांतले चहा तपासले. सर्वांत स्वस्त चहात फ्लोराइड सर्वांत जास्त निघालं, लिटरला सरासरी ६ मिलिग्रॅमच्या घरात. स्वस्त मालात जून पानं जास्त, हे त्याचं कारण. तो आकडा इथे धरला तर दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात ०.९, चार पेल्यांत ३.६. आणि समजा, फडाजवळच्या बोअरच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. उन्हात कोयता चालवणारं माणूस पाच लिटर पाणी सहज पितं. ते झाले १०. बेरीज चौदाच्या दारात.

ही बेरीज घाईने सोडू नका. तीत चहाचा वाटा लहान आहे, पाण्याचा मोठा. पण दोन्ही वाटे एकाच माणसाच्या पदरात पडतात, आणि त्याच्याच ताटात दूध, डाळ, भाजीपाला कमी असतो. कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडली की फ्लोराइडचा घाव आणखी खोल जातो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. एकच पदार्थ, एकाच्या कपात निरुपद्रवी, दुसऱ्याच्या पेल्यात ओझं. फरक पडतो तो गरिबीने.

आता कप खाली ठेवा. हनुवटी सावकाश छातीला टेकवा. मान सरळ करा. दोन्ही हात डोक्यामागे न्या, कोपरं बाहेर. मग उभं राहून, गुडघे न वाकवता, पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करा. कंबर दुखत असेल तर जेवढं जमेल तेवढंच. फ्लोराइडच्या या आजाराला फ्लोरोसिस म्हणतात; त्याच्या सर्वेक्षणात आरोग्य कर्मचारी गावोगाव माणसांकडून याच तीन हालचाली करून घेतात. त्या अडल्या म्हणजे फ्लोरोसिसच, असं नाही. मान आणि कंबर धरण्याची कारणं पुष्कळ. पण शरीरातलं जवळजवळ सगळं फ्लोराइड हाडांत आणि दातांत जाऊन बसतं, आणि वर्षानुवर्षं साठत गेलं की सांध्यांभोवतीचे अस्थिबंध दगडासारखे कडक होतात. मग माणसाला शेतात वाकता येत नाही, मान वळवता येत नाही. हे झालेलं परत फिरवणारं औषध नाही. दातांवर ते फार आधी उमटतं: खडूसारखे पांढरे ठिपके, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे. दात आत घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हे होतं. म्हणून लहान मुलाला कोरा चहा देऊ नये. त्याला दूध द्यावं, आणि ते परवडत नसेल तर ते मिळवून देणं हे बाकीच्यांचं काम आहे.

आता पाणी. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. वाफ निघून जाते आणि ते जास्तच दाट होतं. साध्या कँडलच्या फिल्टरने अडत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत; भारतीय मानक असं सांगतं. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या गावांनी ही हद्द ओलांडलेलं पाणी पिढ्यान् पिढ्या प्यायलं आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनेच शोधली. तेव्हा उपाय राज्याबाहेर शोधायचं कारण नाही.

पाणी खडकात जितकं खोल आणि जितका काळ मुरतं, तितकं खडकातलं फ्लोराइड आपल्यात घेतं. शेजारच्या दोन बोअरचं पाणीसुद्धा सारखं नसतं. नगरच्या अवर्षणी पट्ट्यात दर दुष्काळाला बोअर आणखी खाली जातात. याच पट्ट्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि वरचं पाणी अडवून, मोजून वापरलं. भूजल वाचवायला केलेलं ते काम मला आरोग्याचंही वाटतं.

चहा आता पिण्याजोगा झाला असेल. प्या, आणि पिता पिता एक प्रश्न मनात ठेवा: हे पाणी शेवटचं कधी तपासलं?

याचं उत्तर मिळवणं अवघड नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. नमुना पाठवायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. काही किटमध्ये फ्लोराइड वाढलं की नळीतला गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो, डोळ्यांना दिसतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठून अहवाल मागा. फ्लोराइडचा रकाना कोरा असेल तर नमुना पुन्हा पाठवायला लावा. आणि तुमच्या शिवारात ऊसतोडीच्या कोप्या पडत असतील, तर त्या ज्या बोअरचं पाणी पितात, त्याचीही बाटली त्याच दिवशी भरून द्या.