थराखालचा दोष

घरी इलेक्ट्रिक गिटार घडविणाऱ्याचा धीर बहुधा रंगकामात सुटतो. या वाद्याचा स्वर मुख्यतः तारांच्या कंपनातून व चुंबकीय पिकअपमधून उमटतो. रंगातला व्रण कानाला कळत नाही. मग तो काढण्याचा खटाटोप कशासाठी?

आमच्या मते, दोष कोणत्या थरात आहे हे आधी पाहावे. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा वरच्या थरात असतो. रंग पूर्ण वाळल्यावर बारीक वॉटर पेपरने घासला की तो जातो. दमट हवेत लॅकरवर येणारी पांढुरकी झाक म्हणजे अडकलेला ओलावा. कोरड्या दिवशी थिनरचा हलका फवारा दिल्यास ती बहुधा विरते. परंतु माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले, तर खाली तेल, मेण वा सिलिकॉन राहिले आहे असे समजावे. तेथे रंगाचा आणखी एक हात देऊन भागत नाही; खरवडून, स्वच्छ पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो.

वरवरच्या दोषापायी सारे खरवडणे हा अहंकार होय. खोल दोषावर झिलई चढविणे ही, उद्या ते वाद्य ज्याच्या हाती जाईल, त्याची फसवणूक होय. हा विवेक आपण लाकडावर शिकलो, तर माणसांचे दोषही अधिक न्यायाने पाहू शकू.