दार उघडण्यासाठी जागणारा



राखण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काठी, शिट्टी आणि कुलूप येते. चोराला आत येऊ न देणे हेच राखणदाराचे काम, अशी आपली समजूत असते. पण ज्या घरी चोरही फिरकत नाही आणि पाहुणाही येत नाही, ते घर कोणी आणि कशासाठी राखायचे?

अमेरिकेतील अलास्का राज्याच्या समुद्रकिनारी, घनदाट रानात, काही अतिथिगृहे अशी आहेत, की तेथपर्यंत रस्ताच जात नाही. होडीने किंवा छोट्या विमानाने जावे लागते. पाहुणे येतात ते उन्हाळ्यात. हंगाम संपला की मालक आणि नोकरचाकर निघून जातात. मागे राहतो एखादा राखणदार किंवा एखादे जोडपे. डिसेंबरात तेथे दक्षिण किनाऱ्यावरही दिवस जेमतेम सहा-सात तासांचा असतो. छपरावर साचलेला बर्फ वेळेवर काढला नाही, तर त्याच्या भाराने छप्पर बसते. नळातले पाणी गोठले की फुगते आणि नळ फोडते; म्हणून नळ रिकामे करून ठेवायचे किंवा घर उबदार राखायचे. रोज लाकडे फोडायची, यंत्रे तपासायची. हे सारे पाहायला कोणीही नसते.

आपल्या कोकणात हंगाम उलटा आहे. पाहुणे येतात हिवाळ्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत. समुद्र दार लावून घेतो तो पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्याही पावसाळ्यात थांबतात. किनाऱ्यावरच्या रिकाम्या निवासांत तेव्हा राखणदार एकटा असतो. वाऱ्याने एक कौल सरकले, तर तेथून थेंब गळतो. थेंबाने वासा भिजतो. भिजलेल्या वाशाला वाळवी लागते. पन्हळीतला पालापाचोळा काढणे, गाद्यांना बुरशी लागू नये म्हणून ऊन पडताच त्या बाहेर घालणे, पडलेल्या झावळ्या उचलणे, अशी ही किरकोळ कामे. परंतु ती चार महिने झाली नाहीत, तर ऑक्टोबरात पाहुण्यांना द्यायला घरच उरणार नाही.

अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी 1679 साली तेथे किल्ल्याचे काम सुरू केले. 2025 साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. तेथील दीपगृह 1867 सालचे. पूर्वीच्या काळी दीपगृहाचा राखणदार भिंगे पुसायचा आणि सूर्यास्ताला दिवा लावायचा. त्या उजेडावर शेकडो जहाजे वाट ओळखून पुढे गेली. कोणत्या खलाशाला त्याचे नाव ठाऊक होते?

बंधुभगिनींनो, संत मार्कच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू असाच एक दाखला देतो. घरधनी परदेशी निघतो. तो प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. कधी परतेन, हे मात्र तो सांगत नाही. संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट, असे रात्रीचे चार प्रहर प्रभू मोजून दाखवतो. पुढच्याच अध्यायांत काय घडते ते आठवा. संध्याकाळी शेवटचे भोजन झाले. रात्री गेथशेमानी बागेत शिष्य झोपी गेले. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने प्रभूला नाकारले. पहाटे प्रभूला पिलाताच्या हाती देण्यात आले. चारही प्रहरांत प्रभू एकटाच जागा होता.

या दाखल्यातला द्वारपाळ मुख्यतः कोणाला अडवण्यासाठी जागा नाही. धनी आला की त्याला दार उघडायचे आहे, म्हणून तो जागा आहे. त्याच्या जागण्यात भीती कमी आणि वाट पाहणे जास्त. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 12) तर प्रभू याहून मोठी गोष्ट सांगतो. जागे राहिलेल्या चाकरांना धनी स्वतः कंबर बांधून जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो! राखणदाराला पाहुणा करणारा असा धनी जगात दुसरा कोठे मिळेल?

आता आपल्या वळ गावाकडे पाहू या. वळ, पूर्णा, राहनाळ हा सारा पट्टा गोदामांचा. देशभरचा माल येथे उतरतो आणि येथून पुढे जातो. रात्री कामगार घरी जातात, पण शटरबाहेर खुर्ची टाकून कोणीतरी बसलेला असतो. कित्येकांची पाळी बारा-बारा तासांची. नाताळच्या मध्यरात्री आपण मिस्साला उभे असू, तेव्हाही तो तेथेच असेल. घरोघरीही असे राखणदार आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूजवळ बसलेली सून रविवारी देवळात दिसत नाही. तिला नावे ठेवण्याची घाई करू नका. आजाऱ्याची सेवा किंवा अशा एखाद्या गंभीर कारणामुळे ज्याला मिस्साला येता येत नाही, त्याला ख्रिस्तसभा दोष देत नाही. तो आपले नेमून दिलेले काम करीत असतो.

मग आपले काम कोणते? राखणदाराला शाबासकी देणे सोपे आहे. त्याची पाळी दोन तास आपण घेणे अवघड आहे. या आगमनकाळात एवढे तरी करू या. शेजारच्या आजाऱ्यापाशी रविवारी सकाळी दोन तास आपण बसू आणि त्या सुनेला मिस्साला पाठवू. गोदामाच्या फाटकावरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारू आणि थंडीत गरम चहा नेऊन देऊ. तो कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा, हे विचारण्याची गरज नाही. आणि आपल्या स्वतःच्या अंतःकरणातले सरकलेले कौल, म्हणजे धरलेला अबोला, टाळलेला पापस्वीकार, विसरलेली संध्याकाळची प्रार्थना, आजच जागेवर बसवू. पाऊस पडू लागल्यावर छपरावर चढता येत नाही.

हे प्रभो, जे तुझे घर कोणी पाहत नसताना सांभाळतात, त्यांच्यापाशी तू राहा. आणि तू दार ठोठावशील तेव्हा आम्हांला जागे असू दे. आमेन.