लागू कधी पडते?

परवा औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक नवी नवरी उभी होती. मनगटापासून वरपर्यंत हिरवा चुडा, मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. तिने हळूच माला-डी ही गर्भनिरोधक गोळी मागितली आणि पैसे देताना विचारलं, "हिचा उपयोग कधीपासून होतो?" काउंटरवरच्या मुलाने पाकीट कागदात गुंडाळलं आणि मान वर न करताच म्हणाला, "आजपासून घ्या." ती गेली. तिने विचारलं होतं एक, मिळालं भलतंच उत्तर, आणि मी मागे उभी असून तोंड उघडलं नाही. ते अजून टोचतंय.

गोळी सुरू होणं वेगळं आणि गोळी लागू पडणं वेगळं. डोकेदुखीची गोळी लागू पडली की डोकंच सांगतं. या गोळीचं कामच असं की काही घडू नये, त्यामुळे ती लागू पडल्याची खूण शरीर देत नाही. "घेऊन बघा, कळेल" असं इथे म्हणता येत नाही. आधीच कोणीतरी सांगावं लागतं.

आणि सांगायचं तरी किती? माला-डी काय किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन काय, पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर संरक्षण लगेच मिळतं. तेव्हा स्त्रीबीज तयार व्हायला अवकाश असतो. त्यानंतर सुरू करायची तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करायची, आणि सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचा, कारण बीजकोशाला थोपवायला तेवढे दिवस लागतात. पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 हार्मोनच्या आणि शेवटच्या 7 नुसत्या लोहाच्या. चुकून त्या टोकापासून सुरुवात झाली, तर आठवडाभर गोळी घेऊनही संरक्षण शून्य.

आमच्या नात्यातल्या एका डॉक्टरांना हे पटत नाही. "एवढं सांगितलं की बायका घाबरतात आणि गोळीच सोडतात. रोज एक घ्या, बस." तालुक्याच्या गावात त्यांची हयात गेली, त्यांचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पण ज्या बाईला दुधाचा हिशेब, भिशीचा हप्ता आणि पोरांच्या लशींच्या तारखा तोंडपाठ असतात, तिला सात दिवस मोजता येणार नाहीत? लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी तर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची असते. वार लक्षात ठेवून बाया ती घेतातच.

इथे रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली 1960 मध्ये, म्हणजे त्यांच्या हातात साधनं तुटपुंजी होती. पण ते प्रत्येक गोष्ट नाव घेऊन बोलत. आज साधन कोपऱ्यावरच्या दुकानात आहे आणि बोलणं कुजबुजीवर आलंय.

बाईला नीट सांगा, एवढंच लिहायला मी बसले होते. आता ते मला अपुरं वाटतं. त्या सात दिवसांत वापरायचा तो निरोध, आणि तो वापरणार नवरा. मग सगळं फक्त तिला सांगून काय साधलं? नव्या घरात, नव्या माणसाला "आज नको" म्हणण्याचं ओझंही तिच्यावरच टाकलं. डॉक्टर म्हणतात त्या बाया घाबरत असतील, पण तपशिलाला नव्हे. जे दिवस आपल्या हातात नाहीत ते सांभाळायची जबाबदारी मात्र आपली, याला त्या घाबरतात.

म्हणून हे नवऱ्यांसाठी. घरात गोळीचं पाकीट येईल त्या दिवशी तिला विचारा, पाळीचा कितवा दिवस आहे. पाचवा उलटला असेल तर पुढचे सात दिवस निरोध तुम्ही वापरायचा आहे. सरकारी दवाखान्यात तोही फुकट मिळतो.